अभय दिलेले गवत

त्या माळावर आगीला मनाई होती. ही मनाई इतकी मुरलेली होती, की ती कधीकाळी कुणीतरी केली होती याचे भान बहुतेकांना उरले नव्हते. पाणी उताराकडे वाहते, उन्हात सावली आखूड होते, आणि आग विझवायची असते. तिन्ही गोष्टी एकाच जातीच्या मानल्या जात.

माळ विस्तीर्ण होता. मध्ये एक उथळ पाणवठा, त्याच्या पूर्व काठावर एक जुनी बाभूळ, आणि तिथून क्षितिजापर्यंत गवतच गवत. पूर्वेला लांब एक ओढा होता, जो पावसाळा सरताच कोरडा पडे. ओढ्यापलीकडून दोन पायांचे वाटसरू जात, दगडांच्या चुली मांडत आणि निखारे तसेच सोडून पुढे निघत. पावसाच्या तोंडावर कोरडी वीजही पडे. आगीला माळावर येण्यासाठी निमित्तांची वाण कधीच नव्हती.

मनाईपूर्वी आगीला तिथे पाहुणी म्हणत. पावसाळा संपून गवत पिवळे पडू लागले, पण पहाटेचे दव अजून पडत असे, अशा दिवसांत माळाचा एखादा तुकडा तिला नेमून दिला जाई. पाहुणी त्या तुकड्यात गुडघ्याएवढी होऊन चाले, दवापाशी अडखळे, आणि ऊन तापण्याआधी आपोआप निजे. गवताच्या मुळांना तिचा उपद्रव होत नसे. काही दिवसांनी राखेतून फुटवा वर येई. रोह्यांच्या, म्हणजे नीलगायींच्या कळपातल्या, माद्या तिथे आपली पाडसे चारत, टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालत. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. त्यामुळे सगळा माळ एका वयाचा कधीच होत नसे. आणि बाहेरून भुकेला वणवा आलाच, तर तो मागल्या साली जेवून झालेल्या ताटापाशी येऊन थांबे.

मग एका वर्षी पाहुणीला पहिला तुकडा कुणाच्या वाटचा द्यायचा, यावर वाद झाला. रोही म्हणाले डुकरांचा, डुकरे म्हणाली रोह्यांचा. वाद चालू राहिला आणि दव संपले. अखेर निकाल लागला तेव्हा वारे सुटलेले होते. पाहुणीला बोलावले गेले, पण आली ती पाहुणी राहिली नव्हती. त्या वणव्यात पुष्कळ जीव गेले, आणि त्यांत माळाचा प्रमुख, थोरला रोही, याचे पाडसही होते. थोरल्या रोह्याच्या मनात वाद राहिला नाही, उशीर राहिला नाही. राहिली फक्त आग. त्याने मनाई केली, आणि त्या दिवशी त्याला विरोध करण्याइतके कठोर मन कुणाचेच नव्हते.

मनाई पाळून घेण्यासाठी कोतवालाची नेमणूक झाली. कोतवाल हा काळा, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. पदाचे नाव पक्ष्याला मिळाले की पक्ष्याचे पदाला, याविषयी सांगणाऱ्यांत एकमत नाही. त्याच्या पूर्वजांचे आगीशी सख्य होते. पाहुणीच्या पुढे पळणारे किडे टिपत ते दिवसभर तिच्यासोबत हिंडत. म्हणूनच त्याची निवड झाली. जो आगीला जवळून ओळखतो तोच तिला लवकर हेरील, असा विचार त्यामागे होता, आणि तो खरा ठरला. पाणवठ्यावरची बाभूळ पदासोबत त्याला मिळाली. तिच्या शेंड्यावरून सगळा माळ दिसे.

कोतवालाने माळाला रांग शिकवली. त्याची हाक आली की डुकरांनी नाकाने जमीन उकरायची, सशांनी मागच्या पायांनी ती माती उडवायची, आणि शेवटी रोह्यांनी खुरांनी ठिणगी तुडवायची. रांगेचा नियम एकच होता: आग ज्या दिशेला सरकत असेल त्या दिशेला तिच्यासमोर उभे राहायचे, तोंड आगीकडे, नजर ढळू द्यायची नाही. पहिल्या वर्षापासून एकही ठिणगी रांगेच्या हातून निसटली नाही.

याच काळात एक प्रथा रूढ झाली, जी दुसऱ्या कोणत्याही माळावर आढळत नाही. जिथे ठिणगी विझवली जाई, तिथल्या गवताला अभय दिले जाई. मरणाच्या दारातून परत आलेले गवत, असा तिचा भाव होता. त्याला पुन्हा कुणाचे तोंड लागू नये, त्यावर कुणाचे खूर पडू नये, म्हणून त्याभोवती बाभळी-बोरींच्या फांद्यांचे कुंपण घातले जाई. हे काम साळिंदराकडे होते. अंगावरच काटे वागवणारा तो प्राणी कुंपणाच्या बाबतीत फार काटेकोर होता.

ठिणग्या वाटेल तिथे पडत नाहीत. त्या उंचवट्यांवर पडतात, वाटसरूंच्या बाजूला पडतात, वारा जिथून शिरतो तिथे पडतात. साहजिकच अभये तिथे वाढली. वर्षामागून वर्षे गेली. एका अभयाची कड दुसऱ्याला भिडली, दुसऱ्याची तिसऱ्याला. आत या सालचे गवत गेल्या सालच्या वाळल्या गवतावर उगवे, आणि ते त्याच्या आदल्या सालच्या कुजक्या काड्यांवर. शेवटी अभयांचे एक अखंड कडे पाणवठ्याभोवती तयार झाले, पूर्वेला थेट बाभळीच्या बुडापर्यंत आलेले, रोह्याच्या शिंगांहून उंच. सगळे जीव त्याच्या आत उरले. बाहेर जायचे तर अभय तुडवावे लागे, आणि अभय तुडवणे हा गुन्हा होता. आतला चारा वर्षागणिक आखडत गेला. ज्या टिटव्या उघड्या जमिनीवाचून अंडी घालू शकत नाहीत, त्या एका पावसाळ्यात निघून गेल्या आणि परतल्या नाहीत.

"कडं आहे म्हणून तर निवांत झोप लागते," ससे एकमेकांना सांगत. "बाहेरचं काही आत येईल का?"

"आतलं बाहेर जाईल का, ते सांग," कासवीण म्हणाली.

कासवीण माळावरची सर्वांत वयस्क रहिवासी. तिच्या कवचावर एका बाजूला भाजल्याचा जुना पांढरा डाग होता, आणि तिची जीभ तिच्या पायांहून पुष्कळ चपळ होती.

"आत्याबाई, तुम्हांला कुठं जायचंय या वयात?" ससे हसत.

"जायचं कुठंच नाही रे. पण जाता येत नाही म्हटलं की पाय शिवशिवतात."

कोतवालाला कड्याचा धोका तिच्या आधीच उमगला होता, आणि तो त्याला त्याच्या कौशल्यातूनच उमगला. सुरुवातीच्या वर्षांत एक ठिणगी चार सशांनी विझे. पुढे तिला डुकरांचा कळप लागू लागला. आता तशाच ठिणगीला सगळी रांग लागत होती, आणि रांग परतताना धापा टाकत होती. ठिणगी तीच होती. गवत वाढले होते. उंच उडून खाली पाहिले की त्याला आपल्या प्रत्येक यशाची जागा दिसे: पिवळी, दाट, कुंपणाने जपलेली, एकमेकीला बिलगलेली. आपण एवढ्या वर्षांत एकही आग विझवलेली नाही, फक्त तिला थांबायला सांगितले आहे, असे त्याला वाटू लागले. हा विचार त्याने जोडीदारणीखेरीज कुणालाही सांगितला नाही.

"मग सभेत सांगा की," कोतवालीण म्हणाली. "पाहुणीला परत बोलवा म्हणावं. दव आहे तोवर."

"थोरल्यांसमोर? त्यांच्या पाडसाचं..."

"त्यांचं पाडस गेलं. आपली पिल्लं उन्हाळ्यात याच झाडावर अंड्यांतून बाहेर येणार आहेत. झाड काही उडत नाही, अन् पिल्लंही महिनाभर उडत नाहीत."

दवाचे दिवस सुरू होताच सभा भरली. कोतवाल बोलायला उठला. त्याने प्रारंभ केला, "आपण आजवर ज्या आगी विझवल्या..." आणि एवढ्यावरच सभेने जल्लोष केला. पुढचे वाक्य त्याला पुन्हा सुरू करावे लागले. पुन्हा जल्लोष झाला. मग थोरला रोही जागेवरून उठला. तो फार थकला होता. चाऱ्याअभावी त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. त्याने सर्वांदेखत कोतवालापुढे मान तुकवली आणि म्हटले, "माझं लेकरू गेलं तेव्हा तू नव्हतास. तू असतास तर ते गेलं नसतं."

कोतवालाने उरलेले भाषण तिथेच सोडले. तो बाभळीवर परतला.

त्यानंतर काही दिवसांनी, एका थंड सकाळी, ओढ्याच्या बाजूने एक ठिणगी वाऱ्यावर आली आणि कड्याच्या उत्तरेला, अभयाबाहेरच्या एका तुकड्यावर पडली. दव इतके होते की गवताच्या पात्यांवरून थेंब ओघळत होते. कोतवालाने ठिणगी पाहिली. त्याने चोच उघडली. आणि हाक दिली नाही.

आग गुडघ्याएवढी उठली. ती ओल्या गवतातून कुरकुरत, धूर सोडत, एखाद्या म्हाताऱ्या पाहुणीसारखी थांबत थांबत चालली. तिच्यापुढे नाकतोडे उडू लागले. कोतवालाने त्यांतला एक सहज टिपला, आणि त्याला आपल्या वडिलांच्या वडिलांपासून चालत आलेली ती चव ओळखीची वाटली. ऊन चढण्याआधी आग विझली. कड्याआड असल्याने ती कुणाच्या दृष्टीस पडली नाही. मागे काळा तुकडा उरला, फार मोठा नाही, एखादा कळप दाटीवाटीने उभा राहील एवढा.

थोड्याच दिवसांत तो तुकडा हिरवा झाला. त्याचा शोध पहिल्यांदा पाडसांच्या आयांना लागला. त्या अभयातून चोरून तिथे जाऊ लागल्या आणि त्यांच्या कासा पुन्हा भरल्या. कुठूनशी टिटवीची एक जोडी आली. कासवीण सर्वांत शेवटी पोचली, आणि पोचली ती तिथेच राहिली. त्यामुळे सापडली तीच.

साळिंदर तिला पाणवठ्यावर घेऊन आला. सगळा माळ जमला.

"काळी जमीन," साळिंदर म्हणाला. "राख. म्हणजे इथं आग लागली होती. आणि विझवली गेली नाही. आता कोतवालसाहेबांच्या नजरेतून ठिणगी सुटली, असं कुणाला म्हणायचंय का?"

असे कुणालाच म्हणायचे नव्हते.

"म्हणजे ठिणगी बाहेरून आली नाही. आणली गेली. लपवून. आणि त्या जागी तोंडात हिरवा कोंब असलेली ही एकटीच सापडली."

"पण कशात आणली असेल?" एका डुकराने विचारले. "हिच्या पाठीवर निखारा ठेवला तर घरंगळेल की."

"पोटाखाली आणला असेल," ससे म्हणाले.

"मग करा उलटी अन् बघा," कासवीण म्हणाली. "जन्मात एकदा तरी पोटाला वारं लागेल."

काही जण हसले. साळिंदर हसला नाही. "पाठीवरचा हा पांढरा डाग कशाचा?"

"जुना आहे. तुझा आजा रांगायचा तेव्हाचा."

"भाजल्याचाच आहे ना?"

"भाजल्याचाच."

"मग झालं तर."

थोरल्या रोह्याने कोतवालाकडे पाहिले. "कोतवाला, तू सांगशील ते."

सांगणाऱ्यांच्या एका परंपरेत कोतवाल इथे मूर्च्छित होतो, पण तो पाठ नंतरच्या दयाळू मनांनी घातलेला दिसतो. जुन्या पाठात तो पूर्ण शुद्धीवर आहे. खरे सांगितले तर पद जाणार होते, पदासोबत बाभूळ, आणि थोरल्या रोह्याने तुकवलेली मान. नवा कोतवाल नेमला जाईल आणि तो अधिक उत्साहाने आगी विझवील, असाही एक विचार त्याने केला; हा विचार त्याला फार उपयोगी पडला. आपण पदावर राहिलो तरच कधीतरी काही करता येईल, असे त्याने स्वतःला समजावले.

"मला ठिणगी दिसली नाही," तो म्हणाला.

कासविणीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. मग मान कवचात ओढून घेतली.

शिक्षा अशी झाली की कासविणीला बाभळीखालच्या अभयात, कोतवालाच्या नजरेखाली, कायमचे ठेवावे. काळा तुकडा ही माळाच्या अंगावरची जखम मानली गेली. ससे आणि डुकरे यांनी दिवसभर खपून बाहेरचे वाळलेले गवत आणून त्यावर पसरले, जखमेवर कापूस ठेवावा तसे. भोवती कुंपण घातले. टिटवीची अंडी त्या गवताखाली गेली.

पुढे दव संपले. कोतवालीण अंड्यांवर बसली. कोतवाल बाभळीच्या शेंगा तोडून कुंपणाआड टाकू लागला.

"लाच बरी आहे," खालून कासवीण म्हणे. "जरा किडकी आहे, पण बरी आहे."

"आत्या, मी त्या दिवशी..."

"शेंगा टाक. बोलू नकोस. बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीस, आता माझ्या जेवणात कशाला बोलतोस?"

अंडी फुटली. पिल्लांच्या अंगावर काळी लव आली, मग पंखांची टोके. चोचीखाली त्यांचे घसे सतत हलत असत. त्यांना उडायला अजून अवकाश होता, आणि कोतवाल रोज त्यांच्या पंखांकडे पाही आणि मग पूर्वेकडे पाही.

वीज पडली ती ओढ्यापलीकडे, दिवस कलायला लागल्यावर. तिच्यामागे पाऊस आला नाही, वारा आला. कोतवाल आकाशात चढला. पूर्वेचे क्षितिज तांबडे होत होते, आणि ती तांबड्याची रेघ जाड होत होती. त्याने हाक दिली. रांग जमली.

"कुठं?" डुकरांनी विचारले.

"ओढ्यापलीकडे. मोठी आहे. विझणारी नाही."

"ओढ्यापलीकडची म्हणजे हद्दीबाहेरची," साळिंदर म्हणाला. "ओढा काय नुसता नावाला आहे? वाळू आहे त्यात. वाळू पेटत नाही."

"ठिणग्या वाळूवरून चालत येत नाहीत, साळिंदरभाऊ. उडून येतात."

"उडून आल्या की विझवू. आजवर काय केलं आपण?"

सर्वांनी माना डोलावल्या. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती. विश्वास होता, आणि तो कोतवालावर होता. तो त्यांना पळा म्हणू शकला नाही, कारण पळायला वाट नव्हती. चारी बाजूंना अभय होते.

तो बाभळीवर उतरला. पिल्लांनी चोची उघडल्या.

"एकच उपाय आहे," तो कोतवालिणीला म्हणाला. "वणवा इथं पोचायच्या आधी झाडाखालचं गवत आपणच जाळायचं. झाडाच्या बुडापासून सुरू करायचं. वारा पूर्वेचा आहे, आग वाऱ्याविरुद्ध पूर्वेला सरकेल, म्हणजे हळू सरकेल, बुटकी राहील. मागं काळी जमीन उरेल. वणवा तिच्यापाशी येऊन थांबेल. सगळे तिथं मावतील."

"खाली आत्या आहे."

कोतवाल खाली गेला. कुंपणाच्या फटीतून त्याला कवच दिसले.

"ऐकलं मी," कासवीण म्हणाली. "वर बसून बोललं की खाली ऐकू येतं, हे तुम्हां वरच्यांना कधी कळत नाही."

"आत्या, धग लागेल."

"मी मातीत शिरते. बुटकी आग पाठ भाजते, जीव घेत नाही. मला ठाऊक आहे, माझ्या पाठीला विचार." ती पुढच्या पायांनी जमीन उकरू लागली. मग थांबली. "लवकर कर रे बाबा. या वेळी तरी."

कोतवाल ओढ्याकडे झेपावला. धुरातून, वणव्याच्या अगदी कडेवरून, त्याने एक जळती काडी उचलली. चोच पोळली, त्याने ती सोडली नाही. परतताना त्याला दिसले की ओढ्याची वाळू मागे पडली आहे आणि सर्वांत बाहेरच्या अभयाने पेट घेतला आहे. कुंपणाच्या फांद्या आधी पेटत होत्या. साळिंदराने त्या उत्तम सुकवलेल्या होत्या.

त्याने काडी बाभळीच्या बुडाशी टाकली. झाडाभोवती त्याने आधीच पायांनी ओरबाडून थोडी जमीन उघडी केली होती. गवत धुमसले, धरले. आग वाऱ्याविरुद्ध, पूर्वेकडे, हळूहळू सरकू लागली, गुडघ्याएवढीही नाही. तिच्यामागे काळ्या जमिनीची एक चिंचोळी पट्टी उघडी पडली, आणि झाडापासून ती रुंदावत गेली.

"आग!" ससे ओरडले. "पाणवठ्यावर! साहेबांच्या झाडाखाली!"

रांग धावली. एवढ्या वर्षांत ती इतक्या वेगाने कधीच धावली नव्हती. कोतवाल त्यांच्यावर झेपा घेऊ लागला. "विझवू नका! मी लावली! मीच लावली! मागं बघा!"

डुकरे क्षणभर थबकली. थोरला रोहीही थबकला. साळिंदराने वर पाहिले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

"धूर लागलाय साहेबांना," तो हळू आवाजात म्हणाला. "स्वतःचं घरटं पेटतंय, पिल्लं आहेत वर. कुणीही भ्रमिष्ट होईल नाहीतर काय? ऐकू नका. आणि हे कुठं बोलूही नका, कळलं? साहेबांनी आपल्या हातानं आग लावली, असं त्यांचं नाव उद्या निघायला नको."

"नाही बोलणार," ससे म्हणाले.

"थोरले," कोतवाल थोरल्या रोह्याच्या शिंगांवर उतरला. "थोरले, त्या वेळी ठिणगी मी पाहिली होती. हाक दिली नाही. कासवीण निर्दोष आहे. मी खोटं बोललो. आता खरं बोलतोय, मागं बघा."

थोरल्या रोह्याने मान हलवली नाही, पक्षी पडू नये म्हणून. "बाळा," तो म्हणाला, आणि हे संबोधन त्याने त्या वणव्यानंतर कुणासाठीही वापरले नव्हते, "या वेळी मी आहे ना इथं. तुझी पिल्लं जाणार नाहीत."

आग पूर्वेकडे सरकत होती, म्हणून नियमाप्रमाणे रांग तिला वळसा घालून पूर्वेला उभी राहिली. तोंडे आगीकडे, पाठी ओढ्याकडे. डुकरांनी उकरले, सशांनी उडवले. थोरला रोही सर्वांच्या पुढे झाला आणि आपल्या थकलेल्या खुरांनी ज्वाळा तुडवू लागला. काम अत्यंत चोख झाले. काळी पट्टी एका सशाच्या उडीएवढी रुंद झाली होती तेव्हा शेवटची ज्वाळा मातीखाली गेली. पलीकडे, झाडापासून क्षितिजापर्यंत, अभय शाबूत राहिले.

कोतवाल घरट्यावर आला. कोतवालिणीने पिल्लांवर पंख पसरले होते. त्याने तिच्या पंखांवर आपले पंख पसरले. पिल्ले खालून धडपडत होती, त्यांना वाटत होते खाऊ आला आहे. झाडाखाली ओल्या मातीत कुणीतरी अजून खोल, आणखी खोल उकरत होते. कोतवालाने हाक दिली नाही.

खाली जल्लोष सुरू झाला होता. साळिंदर नव्या कुंपणासाठी फांद्या मागवत होता. सगळे बाभळीकडे, वर घरट्याकडे पाहत होते, आणि त्यांचे चेहरे आनंदाने उजळले होते. बाभळीमागे, पाणवठ्यापलीकडे, धुरकटलेला सूर्य मावळतीला टेकला होता. तो त्यांच्या अगदी समोर होता. आणि तरीही त्यांच्या सावल्या त्यांच्यासमोरच पडल्या होत्या, झाडाच्या बुंध्यावर चढत होत्या, आणि क्षणाक्षणाला अधिक काळ्या होत होत्या.